चार पायांची कुऱ्हाड

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

माळावर झाडं लावणाऱ्या गावच्या संस्थेच्या रोपवाटिकेत मला ठेवून घेतलं. चेअरमन कल्याणप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुतळाबाईची गुलाब मॅट्रिक पास हाय. रोपांचं ती बघंल." आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नाही. मॅट्रिक हा शब्द कुणी मोठ्यानं म्हटला की दुसऱ्याची वस्तू अंगावर घालून फिरत असल्यासारखं वाटतं.

रोपवाटिकेची रोजची नोंद ठेवायला संस्थेनं वेगळी वही दिली आहे. तिच्यात शोभणार नाही ते इथं लिहीन.

दुपारी वनीकरणाचे साहेब आम्हाला माळावर घेऊन गेले. माळ म्हणजे दगड आणि मुरूम, मी जन्मापासून पाहते आहे. पण मधोमध तारेचं कुंपण घातलेला एक तुकडा होता. मागच्या पावसाळ्यापासून त्यात एकही जनावर जाऊ दिलेलं नाही. आत गुडघ्याएवढं गवत उभं होतं. वाळलेलं होतं, पण उभं होतं. तारेच्या अलीकडं दगड, पलीकडं गवत. जो काही थोडा पाऊस झाला तो दोन्हीकडं सारखाच झाला होता. मी तारेतून हात घालून गवताच्या मुळाशी चाचपलं. माती गार लागली. बाहेरचा दगड पायाला भाजत होता. माझ्या अंगावर काटा आला.

साहेब म्हणाले, "हे बी कुणी पेरलेलं नाही. जमिनीतच होतं. आपण फक्त त्याला वर येऊ दिलं."

मग ते शेळ्यांवर आले. शेळी म्हणजे चार पायांची कुऱ्हाड, म्हणाले. कोवळा कोंब ठेवत नाही. माळ बोडका झाला की हवा तापते, ढग येतो आणि न थांबता निघून जातो. पुढं म्हणाले, जेवढ्या रानावर एका जनावराचं मटण तयार होतं तेवढ्या रानात ज्वारी घेतली तर कितीतरी जास्त माणसं जेवतील. "दुष्काळी मुलखात मटण खाणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी ओढणं आहे."

परवाच आमच्याकडं मटण झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं होतं.

४ फेब्रुवारी

मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"माय, मी आजपासून मटण खाणार न्हाय."

"पोट बिघडलं का?"

"न्हाय. विचार केला."

"इचार करून मटण सोडत्यात व्हय? वाणीन झाली म्हणा की माझी लेक."

मी साहेबांचं ज्वारीचं गणित समजावून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्या माळावर जवारी येती व्हय? साहेबाला म्हण, पेरून दाव."

साहेब एकंदर जमिनीबद्दल बोलत असावेत.

भाकरी शेकून झाल्यावर ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "माझ्या सासूच्या टायमाला गावातलं मेलेलं ढोर आपल्यालाच ओढावं लागायचं, आन् तेच खावं लागायचं. छप्पन साली धम्म घेतला आन् ते सोडलं. लोक म्हणले, उपाशी मरताल. न्हाय मेलो. तवापासनं जे खातो ते आपल्या शेळ्यांच्या वाडग्यातलं, आपल्या मर्जीनं कापलेलं. कुणी टाकलेलं न्हाय. आन् तू म्हणतीस ती शेजाऱ्याची भाकर हाय?"

मला रडू आलं. मी म्हणाले, तसं नाही गं. मग कसं, ते सांगता येईना.

"तुझी मॅट्रिक कुणी केली?" मायनं विचारलं. मग तिनंच सांगितलं, "मोरीनं केली. येताजाता तिच्या पाया पड."

मोरी आमची सगळ्यांत म्हातारी शेळी. कानावर पांढरे ठिपके आहेत. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत वाडग्यात जी करडं झाली त्यातली निम्मी तिची. मी वाडग्यात गेले तेव्हा ती काटेरी कुंपणावर पुढचे पाय टेकून वरच्या फांदीचा शेंडा ओरबाडत होती. कुऱ्हाड. शब्द कसा तंतोतंत आहे.

१७ फेब्रुवारी

आज एक गोष्ट घडली. रोपवाटिकेत माझ्याबरोबर सिद्धम्माअक्का काम करते. लिंगायत आहे, विधवा आहे, तिचं अर्धं बोलणं कानडीत असतं. पहिल्या दिवसापासून दुपारी ती चिंचेखाली जेवायची आणि मी विहिरीच्या कट्ट्यावर. तिनं कधी काही म्हटलं नाही, मीही नाही. आज बोलता बोलता मी म्हणून गेले की मी मटण सोडलं आहे.

"अय्यो! खरं की काय, मास्तरीण?"

"व्हय अक्का. दोन आठवडे झाले."

ती उठली, आपला डबा घेऊन कट्ट्यावर आली आणि माझ्या डब्यातली कारळाची चटणी बोटानं उचलून चाखली! म्हणाली, "मीठ कमी." मला इतका आनंद झाला की मी डबाच तिच्यापुढं सरकवला. एक पदार्थ सोडला तर माणूस एवढ्या जवळ येतं. साहेब म्हणतात ते माळापुरतंच खरं नाही, माणसांनाही लागू आहे, असं वाटलं.

घरी येऊन मायला सांगितलं. ती शेळ्यांना पाणी दाखवत होती. म्हणाली, "ती जवळ आली का तू लांब गेलीस, तेवढं बघ."

आज तिचं मन ठिकाणावर नसावं.

१८ मार्च

पिशव्या भरून झाल्या. बोटांची सालं निघाली आहेत, पण ओळीनं उभ्या काळ्या पिशव्या पाहिल्या की ऊर भरून येतो. पश्चिमेच्या ओळीत बाभूळ. तिचं बी संस्थेनं बाहेरून मागवलं आहे, मी ते एक दिवस पाण्यात भिजवून लावलं. माळावर आधी बाभूळच लावायची आहे, तीच तग धरते. पूर्वेच्या ओळीत सीताफळ. अक्का आणि मी मिळून लावलं.

खताचा प्रश्न होता. कल्याणप्पांनी त्यांच्या गोठ्यातलं शेणखत दिलं, ते पश्चिमेच्या ओळीत संपलं. मग मी आमच्या वाडग्यामागच्या ढिगातलं मागच्या साली झाडून टाकलेलं लेंडीखत डोक्यावर वाहून आणलं आणि पूर्वेच्या पिशव्यांत घातलं. माय म्हणाली, "कुऱ्हाडीचं खत चालतंय व्हय तुमच्या साहेबाला?"

२४ मार्च

रोज सकाळी पिशव्यांत पाहते. अजून काही नाही.

यंदा बाभळीच्या शेंगा लवकर वाळल्या. माय ओढ्याकाठी आकडीनं झोडपून पाटी भरून आणते. शेळ्या त्या एखाद्या लग्नाच्या पंगतीसारख्या खातात. तिन्हीसांजेला बसून रवंथ करायला लागल्या की टक् टक् आवाज येत राहतो, बिया बाहेर टाकतात. सकाळी माय खराट्यानं झाडताना पुटपुटते, "खाऊन पिऊन वर पसारा."

आज कल्याणप्पा विहिरीवर आले. मऊ बोलतात, मला कधी एकेरी हाक मारत नाहीत. म्हणाले, "गुलाबताई, पावसाळ्याच्या आत माळ बंद करायचा ठराव झालाय. शेळ्या विकाव्या लागतील. धनगर ऐकंनात, दर्ग्याकडचे ऐकंनात. संस्थेतल्या माणसाच्या घरापासनं सुरुवात झाली तर लोकांना तोंड न्हाय राहणार." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्या घरात सात पिढ्या जीव मारला न्हाय. त्याची एक शांतता असती बघा."

मी हो म्हणून आले. आता मायला कसं सांगू?

२७ मार्च

सांगितलं. माय शेळ्यांपुढं पाला टाकत राहिली. मी पुन्हा सांगितलं, की माळ आपला सगळ्यांचा आहे, गवत परत येईल, ढग थांबतील, आणि मी संस्थेत काम करून आपल्याच शेळ्या राखल्या तर मी खोटी ठरेन.

"तुझी सही संस्थेत हाय," ती म्हणाली. "माझ्या शेळ्यांवर न्हाय."

मग पाटी खाली ठेवून म्हणाली: "मी रानात जायचं बंद करू, म्हण. घरी बसून काय करू ते सांग. तुझ्याकडं बघत बसू?"

५ एप्रिल

बाभळीच्या ओळीत एकही कोंब नाही. अडीच आठवडे झाले. हाताला काही लागतंय का म्हणून एक पिशवी उकरली. बी जसंच्या तसं, खड्यासारखं टणक. मी ते कमी भिजवलं का? खोल लावलं का? रात्री गार पाणी घातलं म्हणून का?

विहीरही खाली चालली आहे. दोर आता पुरा सोडावा लागतो. मी झारी जास्त वापरत असेन. उद्यापासून अर्धीच भरायची. शेजारी कल्याणप्पांचा ऊस आहे, त्याला पाणी ओढणारं इंजिन दिवसभर चालू असतं. तिकडं पाहिलं की डोळे निवतात. सगळ्या शिवारात तेवढंच एक हिरवं.

अक्का म्हणाली, "ऊस दारुड्यागत पितोय गं. एवढं पिऊन परत तहान."

मी म्हणाले, "अक्का, निदान कुणाचा जीव तर घेत न्हाय तो."

ती माझ्याकडं बघतच राहिली आणि मग पोट धरून हसली. कशाला ते कळलं नाही.

६ एप्रिल, रविवार

माय मोरीला आणि दोन बोकडांना घेऊन मुरुम गावच्या बाजाराला गेली. मी विचारलं, मी येऊ का. "तू तुझी रोपं बघ."

दिवेलागणीला परत आली. हातात नुसती दावी होती. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. तिनं ती खुंटीला अडकवली. बाकीच्या पुढच्या बाजारी, म्हणाली. वाडग्यातल्या शेळ्या मोरी बसायची तेवढी जागा सोडून बसल्या होत्या.

मायनं भाकरी केली. आम्ही दोघी जेवलो. मी बरोबर केलं आहे, हे मी मनाशी पुष्कळदा म्हटलं.

९ एप्रिल

कोंब आले! पण चुकीच्या ओळीत.

पूर्वेच्या पिशव्यांत, जिथं सीताफळ लावलं होतं, तिथं बारीक पिसासारखी पानं असलेले कोंब आहेत. एकेका पिशवीत दोन-दोन, तीन-तीन. बाभूळ आहे. लहानपणापासून बाभळीत वावरले, मला दुसरं काही वाटणंच शक्य नाही. म्हणजे मी बी उलटसुलट लावलं. एवढी साधी गोष्ट मला जमली नाही. साहेब पुढच्या महिन्यात येणार, वहीत माझ्याच अक्षरात 'पूर्व – सीताफळ' लिहिलेलं आहे.

अक्काला म्हटलं, "मी बिया बदलल्या का गं?"

"यव्वा, सीताफळाचं बी केवढं, बाभळीचं केवढं! तू भ्याड हायस, आंधळी न्हाईस."

१० एप्रिल

गुढीपाडवा. अक्का सुट्टीवर. मी एकटी गेले आणि धीर करून पूर्वेची एक पिशवी ब्लेडनं उभी चिरली.

सीताफळाचं बी तिथंच होतं, जिथं लावलं तिथं. नुकतं फुगायला लागलं होतं. बाभूळ त्याच्या शेजारून उगवली होती. वर बोटाएवढा कोंब, आणि खाली मूळ सरळ पिशवीच्या तळापर्यंत गेलेलं, तिथं जागा नाही म्हणून वळून पुन्हा खाली जाऊ पाहणारं. वर किती, खाली किती! दिसत नाही तिथं एवढी धडपड चालली होती. मी किती वेळ ते मूळ तळहातावर धरून बसले होते कोण जाणे.

मुळाभोवती लेंड्या होत्या. एक फोडली. आत काही नव्हतं. मग खत चाळलं. काळ्या चपट्या बिया, एक, दोन, मूठभर. काहींना चीर गेलेली आणि चिरेतून पांढरा ठिपका बाहेर.

मी पळत घरी आले. माय वाडगं झाडत होती. मी तिच्या हातातला खराटा धरला.

"सोड. काय झालं?"

"माय, थांब. झाडू नको."

मी खाली बसून वेचायला लागले. सगळ्या वाडग्यात बिया. आणि समोर पाटीतल्या शेंगा खाऊन आलेली एक तरुण शेळी रवंथ करता करता थांबली, मान जरा वाकडी केली, आणि टक्. ओली, चकचकीत बी माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती उचलली. ऊबदार होती.

विकतच्या बीला पाणी शिरत नव्हतं. शेळीच्या दातांनी आणि पोटातल्या उष्णतेनं या बीचं कवच नरम केलं होतं. चार पायांची कुऱ्हाड बाभळीचं बी भिजवून, शेकून, सोलून देत होती, आणि आम्ही ते रोज खराट्यानं उकिरड्यावर लोटत होतो.

मायला सांगितलं. ती खराटा घेऊन तशीच उभी राहिली. "म्हणजे ओढ्याकाठच्या बाभळी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. आमच्या शेळ्या वर्षानुवर्षं त्याच वाटेनं पाण्याला जातात. वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळी आहेत. त्या कुणी लावल्या हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मग ती खाली बसली आणि माझ्याबरोबर वेचायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या पिशव्यांत मागच्या सालचं खत हाय. तवा तर मोरी समद्यांत जास्ती खायाची."

आम्ही दोघी वेचत राहिलो. मला मान वर करता आली नाही.

१३ एप्रिल

बाजाराचा दिवस. मायनं उरलेल्या शेळ्या नेल्या नाहीत.

१६ एप्रिल

मी संस्थेत सांगितलं. माळ बंद ठेवा, पण शेळ्या वाडग्यात बांधून ठेवू द्या. शेंगा आणि विळ्यानं कापलेला पाला घालू, आणि वाडग्यातलं बी रोपवाटिकेला देऊ. कल्याणप्पांनी शांतपणे ऐकलं.

नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "पिशव्यांत बाभूळ उगवली, चांगलं झालं. साहेब खूष होतील. पण शेळीचं कौतुक त्यांच्यापुढं नको. वहीत सीताफळ, पिशवीत लेंडी, हे ऐकून ते म्हणतील ह्या पोरीला काय येतं? तुमची जागा जाईल. बाभूळ म्हणायचं, पुढं बोलायचं न्हाय."

त्यांना माझी काळजी आहे. पण न बोलले तर शेळ्या जातील. आमच्याच नाहीत, सगळ्यांच्या. बोलले तर मी जाईन. गावात दुसऱ्या कुणा मुलीला मग कोण ठेवील?

२२ एप्रिल

शेंगा, लेंड्या, ऊस, ज्वारी यांचा विचार करकरून डोकं शिणलं. शेळीनं जे खाल्लं ते माणूस खाऊ शकत नाही, शेंग काय आणि काट्यातला पाला काय. पण तिला मोकळी सोडली तर माळ बोडका होतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो तुकडा खोटा नाही. आणि साखर? उसाला सगळी विहीर लागते, मग चहातली साखर कुणाच्या ताटातली? आज चहा बिनसाखरेचा प्यायले.

मायनं विचारलं, "आता साखरंनं काय केलं?"

सांगितलं.

"बरं. मटण न्हाय, साखर न्हाय. जवारीला बी पाणी लागतंय. मग वारा खा."

ती हसत होती. कितीतरी दिवसांनी. मला वाटतं, काही न मारता, काही न ओढता जेवता येईल असं ताटच नसावं. हे लिहिताना भीती वाटली, आणि का कोण जाणे, थोडं हलकंही वाटलं.

२ मे

साहेब आले. पश्चिमेची ओळ अजून कोरडी. पूर्वेच्या ओळीत बाभळी वीतभर, आणि त्यांच्या सावलीत सीताफळाची पहिली पानं. साहेब म्हणाले, "वा! एवढी उगवण मी कुठंच पाहिली नाही. कुठलं बी हे?"

कल्याणप्पांनी माझ्याकडं पाहिलं. माय कुंपणापाशी वेचलेल्या बियांची पाटी घेऊन उभी होती.

मी म्हणाले, "साहेब, संस्थेनं मागवलेलं उगवलं नाही. हे आमच्या शेळ्यांनी थुंकलेलं आहे."

कुणीतरी हसलं. साहेबही हसले, मला वाटतं चेष्टा समजले. मी मायकडून पाटी घेतली आणि त्यांच्यापुढं ठेवली. एक पिशवी चिरून मूळ दाखवलं. ते पॅन्टची पर्वा न करता खाली बसले. बी बोटांत फिरवली, नखानं चीर पाहिली, मग मूळ पाहिलं.

"कुऱ्हाड म्हणालो होतो ना मी?" शेवटी म्हणाले.

"ते पण खरं आहे, साहेब," मी म्हणाले. "मोकळी असली की."

ते उठले. माळ बंदच राहील, म्हणाले. शेळ्या वाडग्यात राहतील, गवत कापून घालायचं, आणि प्रत्येक वाडग्यातलं बी इथं जमा करायचं. "ठरावात तसं घाला, चेअरमनसाहेब." कल्याणप्पांनी मान हलवली.

जाताना साहेब विहिरीत डोकावले. "हिला काय झालं? फेब्रुवारीत निम्मी भरलेली होती." उसातल्या इंजिनाचा आवाज येत होता. मी म्हणाले, "मी झारी जास्त वापरली असेल, साहेब." अक्काला जोराचा ठसका लागला.

मला काढलं नाही. उलट मायला बी धुवायच्या कामावर घेतलं आहे. घरी आल्यावर मायनं मोरीचं दावं खुंटीवरून काढून एका तरुण शेळीच्या गळ्यात बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

१ जून, रविवार

धनगरवाड्यातून, दर्ग्याकडून, आमच्या वस्तीतून, सगळीकडून बी येतंय. माय आणि अक्का एकाच घमेल्यात हात घालून ते धुतात. पहिल्या दिवशी अक्का पदर नाकाला लावून बसली होती. आता दोघी कुठल्या वाडग्यातलं बी जास्त फुटतं यावर भांडतात.

आज तिघी एकत्र जेवायला बसलो. मी कट्ट्यावर मध्ये, एका अंगाला माय, दुसऱ्या अंगाला अक्का. मायनं फडकं सोडलं. भाकरी आणि सुकटीची चटणी. वाळलेल्या मासळीचा वास लपत नाही. मला आधी सांगितलं असतं तर मी तिला म्हटलं असतं, आजच्या दिवस ठेचा ने. तिनं फडकं झाकलं नाही, पाठ फिरवली नाही. मोठा घास घेतला.

अक्कानं पदर नाकाला लावला. "वास येतोय गं पुतळाबाई."

मी मायकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं.

"येणारच," माय म्हणाली. "वारा तुझ्याकडं हाय. इकडच्या अंगाला बस."

अक्का डबा घेऊन उठली. मला वाटलं, चालली चिंचेखाली. ती आमच्यामागून वळसा घालून गेली, मायच्या पलीकडं जागा नव्हती तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरीण, सरक की जरा."

मी सरकले.